यातला मोठा कोणता

हिशेबच मांडायचा तर त्याच्या पदरात पडणार होतं ते असं : तीन खोल्या, पूर्वेला एक गॅलरी, आणि जिन्यात घरमालक दिसला की आपण आधी हसायचं या नोकरीतून कायमची सुटका. बायकोला ओट्यासमोर भिंतीऐवजी खिडकी मिळणार होती. मुलीला दार असलेली खोली मिळणार होती, आणि दार मिळालं की ते लावून घ्यायची तिची तयारी आतापासूनच झालेली होती. कर्जाच्या दलालाला बँकेकडून त्याची टक्केवारी. इतक्या माणसांचं भलं एका फाइलीत बांधलेलं, आणि दलालानं ती फाइल उघडून पहिला कागद बघितला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला, आणि म्हणाला, "सगळं छान आहे हो तुमचं. पगार छान, नोकरी पक्की, डोक्यावर दुसरं कर्ज नाही. फक्त तुम्ही जरा लवकर जन्मलात."

दलाल असं प्रत्येकालाच काहीतरी म्हणत असणार. धंद्यात थोडा विनोद ठेवावा लागतो. माणसं कर्ज घ्यायला येतात तेव्हा दवाखान्यात आल्यासारखी बसतात. पण तो हसला नाही. खालच्या चपलांच्या दुकानातून नव्या रबराचा वास जिन्यानं वर येत होता, तो एकदम नाकात भरला, आणि आपल्याला कुणीतरी मागून हाक मारली आहे असं त्याला वाटलं. लवकर जन्मलो? तो लवकर जन्मलेला नव्हता. या खोलीत ही गोष्ट फक्त त्याला माहीत होती. कागदावर तो बावन्न वर्षांचा होता आणि अंगानं पन्नास. मधली दोन वर्षं त्याची नव्हती. कुणाची होती तेही त्याला माहीत होतं, आणि त्या माणसानंच त्याला या दलालाकडे पाठवलं होतं. "आपलं गिऱ्हाईक आहे, चष्मा माझ्याकडूनच नेतो. माणूस बोलघेवडा, पण काम चोख," असं सांगून.

"साठाव्या वर्षी तुम्ही निवृत्त. म्हणजे हातात वर्षं आठ," दलाल समजावत होता. "आठ वर्षांत फेडायचं तर हप्ता भरून तुमच्याकडे बसभाडं उरेल. जेवायला सासुरवाडीला जावं लागेल. त्यापेक्षा मी काय सांगतो, एक सहकर्जदार घ्या. स्वतःचा धंदा असलेला. धंदेवाल्याला बँक सत्तरीपर्यंत धरते. तुम्हाला धाकटा भाऊ आहे की, चष्मेवाले! त्यांना पन्नास. म्हणजे बरोबर वीस वर्षं. वीस वर्षांचा हप्ता तुमच्या पगारात अगदी मापात बसतो. एक वर्ष जरी कमी असतं तरी नसता बसला बघा, नशीब तुमचं."

"त्याचं वय तुम्हाला कसं माहीत?"

"ते नका विचारू. एकाच्या फाइलीतलं मी दुसऱ्याला सांगत नाही."

नका विचारू म्हटलं की न विचारणं, यात त्याचा हातखंडा होता. त्यानं मान हलवली आणि यादी घेतली. दोघांची ओळखपत्रं, दोघांचे जन्मतारखेचे पुरावे, दोघांचे फोटो, दोघांच्या सह्या. यादीत 'दोघांचे' हा शब्द किती वेळा आला ते त्यानं जिना उतरताना मोजलं आणि खाली पोचेपर्यंत विसरून गेला. उतरताना नेहमीप्रमाणे मान वाकवली, कारण जिन्याची चौकट ठेंगणी होती. ठेंगण्या चौकटींची त्याला लहानपणापासून सवय. घरात त्याला 'उंट' म्हणत. हे नाव दादानं, म्हणजे या चष्मेवाल्या भावानंच, ठेवलेलं.

घरात ही गोष्ट विनोदाची म्हणून सांगितली जाई, आणि सांगायची त्यानंच, कारण ती तो चांगली सांगायचा. दादाला लहानपणी ताप आला होता, त्यात त्याचं एक वर्ष अंथरुणात गेलं आणि उंचीही तिथंच राहिली, म्हणून दोघांना एकाच दिवशी एकाच वर्गात घालायचं ठरलं. वडिलांनी खिशात दोन चिठ्ठ्या आणल्या होत्या, सूतिकागृहाच्या. त्या काळी चिठ्ठीवर बाळाचं नाव नसे. आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, आणि पुढे नुसतं 'मुलगा'. दोन तारखा, दोन मुलगे. वडील पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते, नळांचे मीटर तपासायचे. शाळेच्या अंगणातला नळ गळताना त्यांना दिसला आणि 'आलोच' म्हणून चिठ्ठ्या टेबलावर ठेवून ते नळाकडे गेले. गळता नळ बघून पुढे जाणं त्यांना जमायचं नाही. कारकुनानं टाक शाईत बुडवला, दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी लावल्या, चष्म्यावरून दोघांकडे बघितलं आणि विचारलं, "यातला मोठा कोणता रे?" आदल्याच आठवड्यात चौकटीवर आईनं पेन्सिलीनं दोघांची उंची मांडली होती आणि त्याची रेघ पहिल्यांदाच दादाच्या रेघेवर गेली होती. सगळा आठवडा तो ती रेघ बघून येत होता. त्यानं हात वर केला. "मी!"

इथं ऐकणारे हसत. बायको तर लग्नानंतर पहिल्यांदा ऐकताना इतकी हसली होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो पुढचं सांगे. वडिलांच्या हे सहामाहीच्या निकालपत्रावरून लक्षात आलं, कारकून तोवर बदलून गेला होता, आणि वडील म्हणाले, जाऊ दे, दोघंही माझेच आहेत. गोष्ट इथं संपे. ती इथंच संपवायची कला त्यानं तीस-बत्तीस वर्षं जोपासली होती. हात वर करताना शेजारी दादा उभा होता, हे तो कधी सांगत नसे. दादानं त्या वर गेलेल्या हाताकडे बघितलं होतं, मग कारकुनाकडे बघितलं होतं, तोंड उघडलं होतं, आणि मिटलं होतं. सात वर्षांच्या मुलाचं ते तोंड मिटणं त्याला अजून दिसे. दात घासताना दिसे, मीटरच्या काचेवर वाकलं की दिसे. पण ते विनोदात बसत नव्हतं.

आणि वडील गेले तो भाग विनोदात बसत नव्हताच. ते नोकरीत असतानाच गेले, एका दुपारी, खांद्याला पिशवी असताना. कचेरीचा नियम होता, अठरा पूर्ण झालेल्या एका मुलाला जागा देऊ, अर्ज सहा महिन्यांत यायला हवा. खरा अठराचा होता दादा. रविवारी वडिलांबरोबर फिरायचा तोच. कुठल्या गल्लीत कुठला मीटर पायरीखाली दडलाय हे त्याला पाठ होतं. जमिनीखालचा नळ फुटला असेल तर हेरायची एक लाकडी काठी असे, एक टोक रस्त्याला आणि दुसरं कानाला लावायचं. वडील म्हणायचे, या पोराचा कान माझ्याहून चांगला आहे. पण शाळेच्या दाखल्यावर दादा सोळाचा होता आणि अठरा पूर्ण झाले होते उंटाला. दाखला दुरुस्त करायला वर्ष लागेल असं कुणीतरी सांगितलं. आई दोघांकडे बघत राहिली. ट्रंकेतून दाखला काढून अर्जाला लावला तो दादानंच. "मोठा कोण ते शाळेतच ठरलंय की," तो म्हणाला, आणि हसला. मग आईही हसली, मग तोही. सुतकात हसलेलं ते घर त्याच्या अंगावर अजून काटा आणी. नंतरचे तीन महिने दादा रोज सकाळी त्याच्याबरोबर फेरीला निघे आणि त्याला काठी लावायला शिकवी. "घाई करू नको. आधी गाड्यांचा आवाज जाऊ दे. मग तुझ्या स्वतःच्या कानाचा जाऊ दे. मग जे उरतं ते पाणी." त्याला तीन महिने काहीही ऐकू आलं नाही. ऐकू येतंय असं तो सांगे, आणि दादा मान हलवी. मग दादा एका चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासायला लागला.

पुढे त्यानं स्वतःपुरता एक हिशेब बसवला होता, आणि तो बरेच दिवस टिकला. आपण नोकरीला दोन वर्षं आधी लागलो, पण निवृत्तही दोन वर्षं आधी होणार. घेतलं तेवढं जाणार. शिल्लक शून्य. हा हिशेब तो पगाराच्या दिवशी विशेष आवडीनं करी. त्यात एकच खोट होती. त्यातली दोन्ही नावं त्याचीच होती, आणि दादाला त्यात पानच नव्हतं.

"भावजींना विचारा की," बायको म्हणाली. ती गॅलरीच्या मापाचा पडदा कापायला बसली होती. घर अजून दुसऱ्याचं होतं, पण बयाणा देऊन झाला होता आणि त्यात तिच्या दोन बांगड्या होत्या. महिनाअखेर कर्ज मंजूर नाही झालं तर बयाणा बुडत होता. "ते काही नाही म्हणायचे नाहीत."

"तेच तर," तो म्हणाला.

"तेच तर काय?"

"काही नाही."

"मग आजच जा. उद्यावर टाकलंत की तुमच्या पोटात दुखायला लागतं."

दुकान आता दादाचं होतं, म्हणजे काचा आणि यंत्र दादाची, जागा भाड्याची. पुढे आरशासमोर रिकाम्या चौकटी टांगलेल्या, मागे पाण्याची धार पडणारं घासायचं चाक. दादानं त्याला बघितलं आणि स्टूल पायानं पुढे सरकवलं. "बस उंटा. मान सांभाळ, दिवा नवा आहे." त्यानं बसून सगळं सांगितलं, बँकेचं, सत्तरीचं, आणि सांगताना आपला आवाज दलालासारखा होतोय हे त्याच्या लक्षात आलं. फक्त सही, हप्ता मीच भरणार, तुला एक पैसा लागणार नाही, घर माझ्या नावावर असेल म्हणून तुला तशी काही भानगडही नाही. शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर त्याचा अर्थ त्याला कळला. दादा एक काच उजेडासमोर धरून बघत होता. त्या काचेतून त्याचा एक डोळा मोठा दिसत होता, दुसरा नेहमीएवढाच.

"किती वर्षं लागतात म्हणालास?"

"वीस."

"आहेत की माझ्याकडं वीस," दादा म्हणाला. "कागदावर." आणि हसला, खाली बघून, काच पुसत. "खरी विचारशील तर अठराच. पण बँकेला खरी कशाला पाहिजेत?" चाक थांबलं होतं तरी पाण्याची धार चालूच होती. दादानं हात लांब करून नळ बंद केला, आणि मग थोडा आणखी आवळला. अगदी वडिलांसारखा. घरी येताना सगळ्या रस्त्यानं त्याला त्या आवळण्याचा आवाज येत होता. आज पाणी ऐकू आलं, असं त्याला दादाला जाऊन सांगावंसं वाटलं. बायकोला सांगितलं, हो म्हणाला.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली, आणि पडद्याला घडी घातली.

सह्यांच्या दिवशी दलालानं टेबल पुसून घेतलं होतं. बँकेकडून ओळख पटवायला एक मुलगी आली होती, पंचविशीची असेल, केस घट्ट बांधलेले, प्रत्येक कागद माणसाच्या तोंडाशेजारी धरून बघायची. दादा धुतलेला सदरा घालून आला होता आणि बोटांना लागलेली पांढरी पूड तरीही नखांत राहिली होती. त्यानं पिशवीतून एक प्लास्टिकची पाकीटफाइल काढली. सगळं आयतं तयार होतं. ओळखपत्राची झेरॉक्स, दाखल्याची झेरॉक्स, तीन वर्षांचे कराचे कागद, प्रत्येकावर सही. त्याला वाटलं, दादा कधीपासून इतका टापटिपीचा झाला? मुलीनं ओळखपत्राची झेरॉक्स टेबलावर त्याच्या बाजूलाच ठेवली, आणि त्यानं ती वाचली.

सावध माणसं झेरॉक्सवर आडवं लिहून ठेवतात, हा कागद कशासाठी दिला ते, म्हणजे कुणी तो दुसरीकडे वापरू नये. दादाच्या बारीक अक्षरात तिथं लिहिलं होतं, 'फक्त दुकानाच्या कर्जासाठी.' त्यातल्या 'दुकानाच्या'वर एक रेघ मारून वर 'घराच्या' लिहिलं होतं आणि शेजारी छोटी सही केली होती. खालची तारीख दोन महिन्यांपूर्वीची. त्यानं दाखला ओढून बघितला. तिथंही तेच. कराच्या कागदांवरही तेच. पाच कागद, पाच रेघा, पट्टी धरून मारल्यासारख्या सरळ. त्यानं दलालाकडे बघितलं. दलालाला एकाएकी टाचणीचा डबा सापडेनासा झाला. "जुन्या झेरॉक्स आहेत," तो डब्याला उद्देशून म्हणाला. "चालतात. खोडलंय तिथं सही आहे ना, मग चालतं."

दादा दुकानाची जागा विकत घेणार होता. हे त्याला त्या रेघेइतकं सरळ दिसलं. आणि एका माणसाच्या वीस वर्षांवर बँक दोन कर्जं देत नाही. एवढं तर आता त्यालाही कळत होतं. पंधरवड्यामागे दादाला विचारून तो घरी पोचला, जेवला, झोपला; त्यातल्या कुठल्यातरी क्षणी दादानं पट्टी घेऊन या रेघा मारल्या असतील. आता उठावं. कागद गोळा करून दादाच्या पिशवीत घालावेत, बयाणा बुडू द्यावा, बायकोच्या बांगड्या, खिडकी, दार, सगळं बुडू द्यावं. हे इतकं सोपं होतं की त्याचे पाय खुर्चीखाली खरोखरच हलले. एक शब्द बोलला असता तर पुढचे आपोआप आले असते. आणि एक शब्द आलाच.

"दादा—"

मुलीनं मान वर केली. तिचं बोट अर्जावरच्या एका रकान्यावर होतं. "दादा कुणाला म्हणालात? सहकर्जदार : धाकटा भाऊ, असं लिहिलंय इथं." तिनं दोघांकडे बघितलं, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. दादाचे केस पिकलेले होते, त्याचे रंगवलेले. मुलगी मख्ख नव्हती. "एक मिनिट हां. तुमच्यातले मोठे कोण?"

चपलांचा वास आला. शाईचाही आला, या खोलीत शाई नसताना. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते आणि ते त्याला तिथं दिसत होते, लांब, मनगटाजवळ हाडं वर आलेले. यावेळी हात वर करायचीही गरज नव्हती. नुसतं बोट दाखवायचं होतं शेजारी. हा मोठा. हा पहिल्यापासून मोठा आहे. मग त्या रकान्यावर काट, मग अठरा वर्षं, मग हप्ता बसत नाही, मग नोकरी कशी लागली तुम्हाला, मग आई, मग वडिलांचा नळ. त्यानं तोंड उघडलं. आणि मिटलं. मिटताना त्याला कळलं की आपण हे मिटणं कुठं बघितलंय.

"हे," दादा म्हणाला. "हे मोठे."

आयुष्यात दादानं त्याला 'हे' म्हटलेलं नव्हतं.

"मग ते तुम्हाला दादा कसं म्हणाले?"

"लाडानं म्हणतात," दादा म्हणाला. "लहानपणापासून. मी बुटका ना, माझी समजूत काढायला. खरा दादा तेच. बघा की उंची." मुलगी हसली. दलाल तर गरजेपेक्षा जास्तच हसला. मुलीनं रकान्यावर बरोबरची खूण केली आणि कागद वळवून दिला. दादानं सही केली, मग त्याच्यापुढे पेन धरलं, टोक स्वतःकडे ठेवून, आई कात्री द्यायला शिकवायची तसं.

जिना उतरताना त्यानं मान वाकवली, दादाला वाकवायची गरज नव्हती. खालच्या पायरीवर तो म्हणाला, "जागा घेणार होतास?"

"कुठली जागा?"

"खोडलंय कागदावर. पाचही."

"दिसलं होय." दादानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "रबर चालत नाही म्हणाला तो, नाहीतर रबरानं खोडणार होतो. जागा मालकाच्या भाच्यानं घेतली रे, गेल्या आठवड्यात. बरा मुलगा आहे. दोन वर्षं तरी दुकान हलवा म्हणणार नाही म्हणालाय."

"दोन वर्षं."

"दोन वर्षं पुष्कळ होतात," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तो कुठंतरी ठेवता आला असता. त्यानं काठी लावावी तसा कान लावला, गाड्यांचा आवाज जाऊ दिला, स्वतःच्या कानाचा जाऊ दिला. खाली काहीच नव्हतं. दादा खरंच चहाचा विचार करत होता. "चल, चहा घेऊ. घसा कोरडा पडला खोटं बोलून. तुला सवय आहे, मला पहिल्यांदाच."

हे मात्र तो हसत हसत म्हणाला, आणि कोपरानं त्याच्या बरगडीत ढोसलं, कारण खांद्यापर्यंत कोपर पोचत नव्हतं.

कर्ज मंजूर झालं. तेव्हा शेवटचा हिशेब असा : बायकोला खिडकी मिळाली आणि मुलीला दार. दलालाला टक्केवारी मिळाली, आणि त्यानं पुढचा चष्मा दुसरीकडून करून घेतला. बँकेला वीस वर्षं मिळाली, त्यातली दोन कुणाचीच नव्हती. त्याला गॅलरी मिळाली. तिथं उभं राहिलं की खालून गेलेल्या नळाचं पाणी ऐकू येई, काठीशिवाय, दिवसभर. आणि त्या दिवशीचा चहा. कप रिकामे झाल्यावर पैशांसाठी दोघांचेही हात एकदमच पुढे झाले होते. त्याचा हात लांब, तोच आधी पोचायला हवा होता. चहावाल्यानं घेतले ते दादाच्या हातातले.